आधी जागा, मग माणूस

मी अंगणात तांदूळ पाखडत बसले होते. आत्मारामभाऊ फाटकातून आत आले, टोपल्यातला मूठभर चुना घेतला आणि माझ्या सुपाच्या कडेनं सरळ रेघ ओढत गेले. मी म्हटलं, भाऊ, हे काय?

"बाई, तुम्ही हॉटेलात बसल्या आहात. भट्टी तुमच्या मागं येते. जरा सरका."

मी सरकले. आरमोरीत भाऊंपुढं सगळेच सरकत.

गडचिरोली जिल्हा नुकता वेगळा झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. नागपूरकडून येणारा रस्ता मोठा होणार, अशी बातमी आली. बाकीच्यांनी ऐकली आणि धानाच्या कामाला लागले. भाऊंनी मात्र त्या रस्त्याभोवती अख्खं शहर वसवायला घेतलं. आता हे काम त्यांना कोणी दिलं, असं विचाराल, तर कोणीच नाही. पण दरवर्षी गावच्या मंडईची आखणी तेच करत. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. दिवसा बाजार, रात्री नाटक, घरोघरी पाहुणे, आणि सासरच्या लेकी माहेरी. दुकानं कुठं, बैलबंड्या कुठं सोडायच्या, नाटकाचा मांडव कुठं, सगळं भाऊ चुन्यानं आखून द्यायचे. "आधी जागा, मग माणूस," हे त्यांचं पालुपद. लग्नाची पंगत असो की मयत, भाऊ हेच म्हणणार.

शहरही त्यांनी मंडईसारखंच आखलं. खुंट्या ठोकल्या, त्यांना चिंध्या बांधल्या. लाल चिंधी हॉटेलची, पिवळी धानाच्या गोदामाची. आमच्या बुद्धविहाराशेजारी पांढरी, ती वाचनालयाची. लोक त्या खुंट्यांना बकऱ्या बांधत. भाऊ चिडत नसत. गोदामात बकरी कोणाची, एवढं विचारून पुढं जात. त्यांच्या घरासमोर, रस्त्याच्या पलीकडं, कडुनिंबाखाली एक निळी चिंधी होती. ती कशाची, हे मात्र कधी सांगत नसत. आम्ही बाया म्हणायचो, तिथं भाऊ स्वतःचा पुतळा बसवतील.

मग एक दिवस रस्त्याच्या खात्याचे साहेब आले. पंचायतीत सभा भरली. रस्ता झाल्यावर गावाचा विकास कसा करायचा, असं त्यांनी विचारलं. भाऊ उठले. ट्रकवाले इथं थांबतील, विहिरीवर आंघोळ करतील, जेवतील, रात्री नाटक पाहतील आणि सकाळी निघतील, असं सगळं रंगवून सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, अहो, मोठा रस्ता थांबण्यासाठी नसतो, जाण्यासाठी असतो.

"साहेब, मंडईत तरी कोण थांबाले येते? जागा दिसली का बसते माणूस."

सभा खदखदून हसली. हसू ओसरल्यावर साहेबांनी मुद्द्याची गोष्ट काढली. रस्ता एका बाजूनं वाढणार होता. भाऊंच्या बाजूनं वाढला, तर त्यांच्या घरापुढची छपरी जाणार. पलीकडून वाढला, तर छपरी वाचणार, पण कडुनिंबाखालची मोकळी जागा जाणार. तिथं कोणाचं काहीच नव्हतं, म्हणून सगळे म्हणाले, पलीकडून घ्या. एकटे भाऊ म्हणाले, माझी छपरी घ्या.

संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेले, तर भाऊ स्वतःच छपरीवरचे कवेलू उतरवत होते. मी रागावलेच. "भाऊ, घराचं तोंड तोडून राह्यले तुम्ही. त्या रिकाम्या जागेत का सोनं पुरलं आहे?"

ते शिडीवरच बसले. हातातलं कवेलू पुसलं.

"गंगू बसमधून उतरते तिथी," म्हणाले.

गंगू त्यांची एकुलती लेक, तिकडं गडचिरोलीच्याही पलीकडं, एटापल्लीकडं दिलेली. आई गेल्यावरही ती मंडईला येत होती. मागच्या खेपेला परत जाताना बस लवकर आलीच नाही. तान्ही पोर घेऊन रस्त्याच्या कडेला उन्हात उभी राहिली. लेकरू तापानं फणफणलं.

"जावई म्हणाले, तुमच्या गावात माणसाले बसाले जागा नाई. तवापासून धाडत नाई तिले."

मी खाली उभी राहून कवेलू झेलू लागले.

रस्ता झाला. हॉटेल झालं नाही, गोदाम झालं नाही. ट्रकवाले हॉर्न वाजवत निघून जातात, साहेबांचंच खरं झालं. पण कडुनिंबाखाली भाऊंनी ओटा बांधला, वर गवताचं छप्पर घातलं, पाण्याचा माठ ठेवला. हळूहळू बसही मागंपुढं न थांबता नेमकी ओट्यासमोरच थांबू लागली.

यंदा मंडईच्या आदल्या दिवशी मी बाजारातून आले आणि पाय दुखत होते म्हणून त्या ओट्यावर टेकले. भाऊ चुन्याचं टोपलं घेऊन आले आणि ओट्याच्या सावलीतल्या कोपऱ्याभोवती रेघ ओढू लागले. मी विचारलं, आता हे कशाचं दुकान?

"दुकान नाई, बाई. उद्या गर्दी होते. दुसरंच कोणी बसून जाईन."

मी नेमकी त्याच कोपऱ्यात बसले होते. उठले, रेघेबाहेर आले, आणि आम्ही दोघंही गडचिरोलीकडून येणाऱ्या बसची वाट पाहत उभे राहिलो.