मोठ्ठी माशी

"बाबा, चिमीच्या वाढदिवसाला थीम ठेवलीय. सगळी मुलं काहीतरी होऊन येणार. तिचा ड्रेस तुम्ही शिवा. काय व्हायचंय ते तिलाच विचारा," असं म्हणून सून ऑफिसला निघाली. कसली थीम, हे विचारायला आजोबांनी तोंड उघडलं, तोवर ती जिना उतरूनही गेली. (आजोबांचं बोलणं जरा सावकाशच.)

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. दुकान बंद केल्यापासून पहिल्यांदाच कुणी काही शिवायला सांगत होतं, तेही चार वर्षांच्या नातीसाठी. हे बिघडून चालणार नव्हतं.

"काय व्हायचंय गं तुला?"

"माशी!"

"नक्की?"

"नक्की. मोठ्ठी माशी."

आजी हसल्या. "दोन वर्षं नुसत्या माशा मारताय, आता एक शिवा!"

आजोबांनी दार लावून, कुणालाही न दाखवता ती शिवली. काळं सॅटिन, जुन्या पडद्याच्या जाळीचे पंख, चहाच्या दोन गाळण्यांचे डोळे. (आठवडाभर घराने चोथ्यासकट चहा प्यायला.) पाय सहा हवेत, म्हणून कापूस भरलेले दोन जास्तीचे.

वाढदिवसाला चिमीला सजवून आजोबा हॉलमध्ये आले आणि थबकले. भिंतींवर निळ्या कागदाच्या लाटा, खाली वीसेक मासे.

"बाबा! थीम समुद्राची आहे! तिला मासा व्हायचं होतं!"

"मासा मुलगा असतो," चिमी म्हणाली. "मी मुलगी ना? मग माशी."

आजोबांनी घोडा-घोडी, बकरा-बकरी असं मनात म्हणून पाहिलं. पोरीचं चुकलं कुठे, ते त्यांना कळेना. पण चिमी आता इतरांच्या शेपट्या बघत होती.

"आजोबा, माझी शेपटी?"

तिचा ओठ थरथरला. सुनेने घाईघाईने तिला केकपुढे उभं केलं. तेवढ्यात पंखांतली पडद्याची जुनी धूळ तिच्या नाकात गेली.

"हाऽऽच्छी!"

पाचही मेणबत्त्या विझल्या. क्रीम उडालं.

"माशी शिंकली!" आजी ओरडल्या.

सगळा समुद्र खदखदून हसला. चिमीही हसली आणि मुद्दाम पुन्हा शिंकली. एरवी नाकावर माशी बसू न देणारी सून नाकावरचं क्रीम पुसत हसत राहिली. आजोबांचा जीव भांड्यात पडला.

एक छोटा मासा त्यांच्याजवळ आला. "आजोबा, तुम्ही काय झालात?"

आजोबांनी सावकाश तोंड उघडलं. तोवर चिमीने सांगून टाकलं, "आजोबा काही झाले नाहीत. ते नुसत्या माशा मारतात."

मग तिने आपल्या पंखांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं आणि पटकन आईच्या मागे लपली.