साखर कंट्रोलमध्ये आहे

माणसाला स्वातंत्र्य प्यारं असतं. झोप मात्र लागते ती सगळं कंट्रोलमध्ये असल्याचं कुणीतरी सांगितल्यावरच. झाशीत तर निम्मा कारभार या शब्दावर चालतो. रेशनचं दुकान म्हणजे कंट्रोल. कुठली गाडी कुठे अडवायची हे ठरवणारं रेल्वेचं ऑफिस, तेही कंट्रोल. इलाइट चौराह्यावर चारी बाजूंची वाहनं अडकून एकालाही हलता येईनासं झालं, की वाहतूक कंट्रोलमध्ये आली असं समजतात. बसमध्ये कुणाला लघवीला लागली, तर कंडक्टर मागे न बघता सांगतो, "थोड़ा कंट्रोल करो, भैया." (हा या शब्दाचा सर्वांत कठीण अर्थ होय.)

मानिक चौकामागे राहणारे रमाकांत बिवलकर रेल्वेच्या कंट्रोलमधून निवृत्त झाले होते. फोनवर आलेला हुकूम शब्दशः परत म्हणायचा आणि मग पाळायचा, या शिस्तीत त्यांचा जन्म गेला होता. त्यांच्या पत्नी सरलाबाईंना मधुमेह होता. पूर्वी त्या साखर कंट्रोलमधून आणत. आता ती कंट्रोलमध्ये आणायची होती.

हे काम पुण्यातल्या मुलाने, मुकुलने, हाती घेतलं. तो एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला असल्यामुळे माल नापास करण्यात त्याचा हात बसलेला होता. दिवाळीला येऊन त्याने स्वयंपाकघरात बोलणारा कॅमेरा लावला. साखर, गूळ, मध, पेढे असा सारा संशयित ऐवज फडताळात कोंबून त्याला मोबाइलवर उघडणारं कुलूप बसवलं. मोबाइल अर्थातच मुकुलचा.

सरलाबाईंनी हात वर केला की भिंत बोले, "आई, काय घेतेस?"

"मीठ रे बाबा."

"मीठही जरा कमीच."

रमाकांतांना मोठा अभिमान वाटे. आपण मालगाड्या अडवल्या, पोराने आई अडवली. घराण्याचं नाव राखलं.

हळूहळू सरलाबाई भूक लागली तरी काही मागेनाशा झाल्या. त्यांचे आकडे इतके सुधारले की मुकुलने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी अंगठे दाखवले.

मग एका सकाळी गोळी घेतल्यावर त्या न्याहारी करायचं विसरल्या, आणि पोळ्या लाटता लाटता खालीच बसल्या. अंग घामाने भिजलं, हात थरथरू लागले. "तुम्ही कोण हो?" असं त्यांनी नवऱ्याला विचारलं. असं झालं तर तोंडात लगेच साखर घाला, असं डॉक्टरांनी रमाकांतांना बजावून ठेवलं होतं. ते फडताळाकडे धावले. कुलूप. त्यांनी मुकुलला फोन लावला.

"अरे, आईची साखर उतरलीय!"

"वा! कितीवर आली?"

"ती मला ओळखत नाहीये! कुलूप उघड!"

मुकुलचा आवाज बदलला. "उघडतोय, बाबा... नुसतं फिरतंय. तिकडचं नेट गेलंय. थांबा, काही करू नका, मी कंपनीला विचारतो."

"थांबतो, काही करत नाही," रमाकांतांनी सवयीने हुकूम परत म्हटला. आणि ते खरोखरच थांबले.

सरलाबाईंची मान भिंतीला टेकली. रमाकांतांनी खलातला बत्ता उचलला.

"बाबा, कसला आवाज येतोय? तोडू नका, वॉरंटी जाईल!"

हा हुकूम त्यांनी परत म्हटला नाही. कडी उचकटली. मूठभर साखर त्यांनी पाण्यात कालवली आणि पेला पत्नीच्या ओठांना लावला. निम्मं पाणी पदरावर सांडलं. बऱ्याच वेळाने सरलाबाई पुटपुटल्या, "अहो, किती गोड केलंत!" रमाकांत तिथेच पिठात बसून रडले.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "अब कंट्रोल में है. इतना भी कंट्रोल मत कीजिए, माताजी."

मुकुल धावत आला, आईच्या पायांशी बसला, डोळे पुसले, आणि पिशवीतून नवं कुलूप काढलं. हे नेट नसतानाही चालत होतं. रमाकांतांनी ते त्याच्याच पिशवीत परत ठेवलं आणि म्हणाले, "आधी जेव."

मुकुलला हसणाऱ्या वाचकांबद्दल आम्हांला आदर आहे. त्यांनीही काल घरी फोन केलाच असेल. गोळी घेतलीस का, उन्हात कशाला गेलीस, दार नीट लावून घे, असं सगळं प्रेमाने बजावून झालं असेल. आज तुला काय खावंसं वाटतंय, एवढंच विचारायचं राहिलं असेल. आणि आईनेही, तुम्ही कामात असाल म्हणून, आपणहून फोन ठेवला असेल.