श्रीपादअण्णांचा काटा

आमच्या श्रीपादअण्णांच्या पिशवीत कायम एक वजनाचा काटा असतो. रद्दीवाल्याकडे असतो तसला, हुकाचा. मी बनशंकरीतल्या त्यांच्या इमारतीत राहायला आले त्या दिवशी अण्णांनी जिन्यातच माझी बॅग हुकाला अडकवली, काट्याकडे बघितलं आणि नाव-गाव विचारायच्या आधी विचारलं, “एवढं उचलणार कोण?”

हा त्यांचा साऱ्या जगाला एकच प्रश्न. अण्णा मूळचे निपाणीचे. कारखान्यातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, वरच्या मजल्यावर एकटे राहणारे. मनात आलं की पाठीवर तंबू टाकून एकटेच डोंगरात जातात. त्यांच्या दात घासायच्या ब्रशची दांडी अर्धी कापलेली. टॉवेल म्हणजे टॉवेलाचा एक कोपरा. पुस्तक न्यायचं तर वाचून होतील तेवढीच पानं फाडून. सदऱ्याच्या मानेवरची लेबलंसुद्धा ते कात्रीने उसवतात. त्याने काय फरक पडतो, असं मी एकदा विचारलं आणि भाजी करपेपर्यंत उत्तर ऐकत बसले.

मला एकटीने डोंगरावर मुक्काम करायचा होता. मारतहळ्ळीच्या ऑफिसातल्या मंडळींच्या सुट्ट्या जुळायची वाट बघून मी कंटाळले होते. पण पुण्याहून आईने फोनवर ‘एकटी?’ एवढंच म्हटलं की माझा धीर सुटायचा. अण्णांना ‘एकटी’ या शब्दात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांनी फक्त तंबू कुठला, ते विचारलं. त्या प्रश्नासाठी मी त्यांची जन्माची ऋणी आहे.

माझ्या मनात एक तंबू भरला होता. एकाच कापडी पदराचा, चालायच्या काठ्यांवर उभा राहणारा, किलोभराचासुद्धा नाही. अण्णा खूश होणार, अशी माझी खात्री. दुकानात त्यांनी तो हुकाला अडकवला, मग खुंट्या, दोऱ्या, पिशवी मागवून पुन्हा अडकवला. कंपनी खुंट्या वजनात धरत नाही, पाठीला मात्र धराव्या लागतात, असं त्यांचं म्हणणं. मग तिथेच तंबू लावून आत आडवे झाले. इतका वेळ पडून राहिले की एक गिऱ्हाईक घाबरून आत डोकावलं. दुकानदाराला सवय असावी. त्याने तो आणि आणखी एक तंबू आम्हाला दोन दिवस भाड्याने दिला.

परीक्षा आमच्या गच्चीवर झाली. माझा लाडका तंबू उभाच राहीना, कारण सिमेंटात खुंटी जाणार कुठून? मी दोरी पाण्याच्या टाकीला बांधायला गेले.

“टाकी डोंगरावर उचलणार कोण?” अण्णा म्हणाले. “आपल्याकडचे डोंगर बघ की, सगळा कातळ. गच्चीवर उभा राहील तोच तिथं राहील.”

दुसरा तंबू दोन पदरी, स्वतःच्या दांड्यांवर खुंट्यांविना उभा राहणारा. मला आत बसवून अण्णांनी वरून झारीने पाणी ओतलं. शेजारच्या अक्कांच्या वाळत घातलेल्या मिरच्या भिजल्या आणि त्यांनी कन्नडमध्ये अण्णांचा यथेच्छ उद्धार केला. अण्णा नुसतं ‘सरी अक्का, सरी’, म्हणजे ‘बरं अक्का, बरं’, म्हणत ओततच राहिले. मी आत कोरडी ठणठणीत. पण हा तंबू जवळजवळ अर्धा किलो जड होता. मी तसं बोलूनही दाखवलं.

“हाच घे,” अण्णा म्हणाले. “वारा सुटला तर स्वल्प जड बरा.” आणि पाठ फिरवून झारी ठेवायला गेले.

मी तोच विकत घेतला. निघायच्या आदल्या संध्याकाळी अण्णांनी माझी पाठपिशवी स्वतः भरली. साबण अर्धा केला, ब्रश कापला, जास्तीचे मोजे बाहेर काढले.

कनकपुऱ्याच्या पुढच्या एका टेकडीवर, खालच्या शेतमालकाला विचारून, मी मुक्कामाला पोचले. तंबू उलगडला तर आतून कडीचा डबा निघाला. स्टीलचा. आत तूप लावलेल्या शेंगापोळ्या. माझे मोजे नाकारणाऱ्या माणसाने हा ऐवज गुपचूप गुंडाळून दिला होता. मला आधी हसू आलं आणि मग डोळे भरले. ऊन उतरेपर्यंत कातळावर बसून खात राहिले. घाबरायचं राहूनच गेलं.

परत आल्यावर डबा द्यायला वर गेले आणि विचारलं, “अण्णा, हा कुणी उचलायचा होता?”

त्यांनी डबा फळीवर ठेवला. “एवढी वर्षं जातो मी. जाताना कोण डबा दिलं नाही बघ. दिलं असतं तर उचललो असतो की.”

काही दिवसांनी अण्णा डोंगरात निघाले, तेव्हा मी त्याच जातीचा कडीचा डबा घेतला, थालीपिठांनी भरला आणि जिन्यात त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने तो हुकाला अडकवला. काटा थरथरत खाली निघाला. तो थांबायच्या आत अण्णांनी डबा काढला आणि पाठपिशवीत, तंबूच्या घडीत ठेवून दिला.