आठवा मासा

"फुटला," सिस्टर म्हणाल्या. "पुरती चार मिनिटंसुद्धा टिकला नाही मेला."

घड्याळजींनी एक डोळा उघडला. टीव्हीवर एक टकलू गृहस्थ पोलिसांच्या टेबलावर डोकं टेकून रडत होता आणि कुठल्या भाडेकरूच्या दुधात आपल्या बायकोनं काय कालवलं ते सांगत होता. पलीकडच्या खोलीत त्याची बायको ताठ मानेनं बसली होती. दोघांनी मिळून सतरा वर्षांत नऊ भाडेकरू वर पाठवले होते.

"बिचारी," सिस्टर म्हणाल्या.

"बिचारी कसली? नऊ माणसं मारली तिनं."

"ते वेगळं हो. पण सतरा वर्षं ज्याच्याबरोबर संसार केला त्यानं चार मिनिटांत असा केसानं गळा कापावा? मी इतकी जोडपी बघितली, सगळीकडे हेच. वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं की नवराच आधी फुटतो."

"मी नसतो फुटलो."

"तुम्ही?" सिस्टरांना हसूच आलं. "पोलिसांनी पाणी हवंय का विचारलं, तरी तुम्ही म्हणाल, हिला विचारा, सगळं हिलाच ठाऊक."

हे घड्याळजींच्या जिव्हारी लागलं. एकोणतीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्यांना विसरभोळा म्हटलं होतं, झोपाळू म्हटलं होतं, आणि दोन्ही खरंच असल्यामुळे त्यांनी ते मुकाट्यानं ऐकून घेतलं होतं. पण फितूर? बाजारपेठेतली निम्मी घड्याळं दुरुस्तीला त्यांच्या हाताखालून जात, आणि कुणाच्या घड्याळाच्या झाकणामागे कुणाचं नाव कोरलंय, हे त्यांनी आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एकदा तरी कुणीतरी आपल्याला वेगळ्या खोलीत बसवावं आणि मग बघावं, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

सिस्टर काही कुणाच्या बहीण म्हणून सिस्टर नव्हत्या. तीस वर्षं त्या इस्पितळात नर्स होत्या. नोकरी सुटली, पण नाव काही सुटलं नाही. दुपारी जेवणं उरकली की घड्याळजी दुकानाचं शटर ओढून घरी येत, सिस्टर पडदे ओढत, खोली निळसर होई आणि खुनी जोडप्यांची ती मालिका सुरू होई. सिस्टर ती डोळ्यांत तेल घालून बघत. घड्याळजी पाचव्या मिनिटाला गाढ. त्या निवेदकाचा आवाजच असा खर्जातला आणि सावकाश होता, की खुनाची हकिगत चाललीय की अंगाई, ते कळू नये. तो आवाज तसाच त्यांच्या स्वप्नात शिरे आणि तिथं त्यांचीच गोष्ट सांगू लागे. "त्या दुपारी घड्याळजी जिना चढले. हवा कुंद होती. कुणीच काही बोलत नव्हतं." आणि घड्याळजी स्वप्नात खरोखर जिना चढत. पायऱ्या पाण्याखाली असल्यासारख्या हलत आणि पाऊल कसं हलकं पडे. त्यांना ते फार आवडायचं.

सगळा घोटाळा झाला तो या जिन्यापायी.

वरच्या मजल्यावर हेडबाई राहत. शाळा सोडून त्यांना बारा वर्षं झाली होती, तरी त्या जिन्यात दिसल्या की अजून अख्खी बिल्डिंग खिशातले हात बाहेर काढी. त्यांच्याकडे काचेच्या टाकीत सात सोनेरी मासे होते. त्यांना नावं नव्हती, हजेरीपटावरचे क्रमांक होते. बहिणीकडे दोन आठवडे राहायला जाताना बाईंनी किल्ली सिस्टरांच्या हातावर ठेवली आणि टाकीवर एक कागद चिकटवला. झाडांना पाणी, सकाळी सात, सिस्टर. माशांना खाणं, दुपारी चार, एक चिमूट, घड्याळजी. 'एक'च्या खाली दोन रेघा मारलेल्या होत्या.

दोन दिवस नीट गेले. तिसऱ्या दिवशी चार वाजता घड्याळजी वर गेले, चिमूट टाकली, टाकीपुढे जरा रेंगाळले. हिरवट पाण्यात उन्हाची तिरीप उतरली होती आणि मासे त्यातून असे सावकाश जात होते, की बघणाऱ्याच्या पापण्या जड व्हाव्यात. खाली येऊन ते पुन्हा लवंडले. जाग आली तेव्हा साडेचार. आता आपण वर गेलो होतो ते खरं की स्वप्नात, हे काही केल्या आठवेना. मुके जीव उपाशी राहायला नकोत, म्हणून ते पुन्हा वर गेले. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. एका दुपारी तर ते तीनदा जाऊन आले असावेत. त्यातल्या एका खेपेला मासे छताजवळ पोहत होते, तेवढं मात्र नक्की स्वप्न.

सहाव्या दिवशी क्रमांक पाच पोट वर करून तरंगताना सापडला.

सिस्टरांनी त्याला चमच्यावर घेऊन उलटापालटा करून बघितलं. "गेला," त्या म्हणाल्या.

"कधी गेला असेल?"

"वेळ तुम्ही सांगायची. घड्याळजी तुम्ही."

"बाईंना फोन करायचा का?"

"आणि काय सांगायचं? जीव सांभाळायला दिलात, तो आम्ही सांभाळला नाही? नको. तसाच दुसरा आणा. आणि हो, जवळच्या दुकानात जाऊ नका. सगळे तिथंच सापडतात."

घड्याळजी बसनं गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. येताना मांडीवर पाण्याची पिशवी आणि पिशवीत नवा क्रमांक पाच. बस हलत होती, पाणी हलत होतं, मासा त्यांच्याकडे बघून तोंड उघडमीट करत होता, आणि निवेदक कानात सांगत होता, "जोडप्याला वाटलं, आता सगळं सुरळीत होईल." शेवटच्या थांब्यावर कंडक्टरनं त्यांना हलवून उठवलं.

तीन दिवसांनी क्रमांक दोन गेला. घड्याळजी पुन्हा बसनं गेले, पुन्हा शेवटच्या थांब्यावर उठले. त्या दुपारी सिस्टर टीव्हीकडे बघत गंभीरपणे म्हणाल्या, "दोन झाले. तीन झाले की मालिका धरतात. मग आपण यांच्यात जमा."

बोलता बोलता त्यांनाही डुलकी लागली. सोफ्याच्या दोन टोकांना दोघं झोपले होते आणि मध्ये टीव्ही आपला चालू होता. अशात घड्याळजींच्या कानावर आलं, "तुमचा काय भरवसा? म्हणून सकाळी झाडांना पाणी घालताना चिमूटभर मीही टाकते. रोज. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

घड्याळजी खडबडून जागे झाले. सिस्टर तोंड उघडं टाकून झोपल्या होत्या. ही बोलली, की आपल्याला स्वप्न पडलं? ते वर गेले आणि त्यांनी खाण्याचा डबा हलवला. आत जेमतेम तळाला भुगा उरला होता. एकट्यानं एवढा संपणं शक्य नव्हतं, अगदी स्वप्नातल्या खेपा धरल्या तरी.

ते टाकीपुढच्या खुर्चीत बसले. म्हणजे ही पण यात आहे तर. त्यांना राग नाही आला. जिनं आयुष्यभर माणसांच्या तोंडाला पाणी लावलं, त्यांना मरणाच्या दारातून ओढून आणलं, तिच्या हातून हे झालं, हे तिला कळता कामा नये. आणि पुढेमागे कुणी विचारलंच, तर तिचं नाव आपल्या तोंडून निघणार नाही. इतकं ठरल्यावर त्यांना फार बरं वाटलं, आणि ते तिथंच खुर्चीत झोपले.

दोन दिवसांनी क्रमांक सात गेला. आता तिसरा म्हणजे मालिका. बायकोच्या जिवाला घोर नको, म्हणून घड्याळजी तिला न सांगता बसनं गेले. ते गेले आणि सिस्टर सहज वर डोकावल्या, तर टाकीत सहाच. नवऱ्याच्या जिवाला घोर नको, म्हणून त्या तशाच चपला घालून कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. दोघांनी आपापल्या पिशव्या आपापल्या वेळी टाकीत सोडल्या. सोडल्यावर पुन्हा मोजायचं दोघांच्याही मनात आलं नाही.

दुसऱ्याच दिवशी, ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी, हेडबाई परत आल्या. पाचच्या सुमाराला दारावरची घंटा वाजली.

"वर या," बाई म्हणाल्या. "दोघंही."

टाकीपुढे उभं करून त्यांनी विचारलं, "किती मासे ठेवून गेले होते मी?"

"सात," दोघं एका सुरात म्हणाले.

"मोजा."

घड्याळजींनी मोजले. मग सिस्टरांनी मोजले. मासे आठ भरले.

"पट सातचा आणि हजर आठ. चाळीस वर्षांत असा वर्ग मी बघितला नाही," बाई म्हणाल्या. "त्यातून चार चेहरे माझ्या ओळखीचे नाहीत."

"काल तू आणलास?" घड्याळजी पुटपुटले.

"म्हणजे तुम्ही पण?" सिस्टर पुटपुटल्या.

"वर्गात बोलायचं नाही." बाईंनी खाण्याचा डबा उपडा करून दाखवला. त्यातून काहीच पडलं नाही. "तीन महिन्यांचं खाणं होतं हे. माझी मुलं अजीर्णानं गेली. कोण, कधी, किती वेळा घालत होतं, ते मला लेखी पाहिजे. सिस्टर, तुम्ही स्वयंपाकघरात. घड्याळजी, तुम्ही इथंच. एकमेकांकडे बघायचं नाही."

त्यांनी प्रत्येकाला एक कोरा कागद आणि पेन दिलं आणि मधलं दार लावून घेतलं.

घड्याळजींचं मन आनंदानं भरून आलं. अखेर वेगळी खोली मिळाली. समोर आठ मासे, हिरवट पाणी, खिडकीतून कलतं ऊन, आणि कानात तो ओळखीचा आवाज: "त्या संध्याकाळी घड्याळजींनी पेन उचललं." ते अजून तारीखच घालत होते, तोच पलीकडून आवाज आला, "झालं माझं लिहून, बाई."

इतक्यात? दोन मिनिटांत? घड्याळजींना गहिवरून आलं. म्हणजे हिनं कोरा कागद दिला. मरेन, पण नवऱ्याचं नाव घेणार नाही. धन्य आहे बाई. त्या भरात त्यांनी एकटाकी लिहिलं: "सगळं खाणं मीच घातलं. दुपारचंही मीच आणि सकाळी सातचंही मीच. तिचा याच्याशी काही संबंध नाही." खाली लफ्फेदार सही ठोकली.

बाईंनी दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, लाल पेन काढलं आणि एक पेपर वाचला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला.

"उत्तर एकच," त्या म्हणाल्या. "मध्ये भिंत असताना कॉपी कशी केलीत?"

घड्याळजींनी अभिमानानं बायकोकडे बघितलं. सिस्टर टाकीकडे बघत होत्या.

"घड्याळजी लिहितात, सगळं खाणं मीच घातलं, तिचा काही संबंध नाही. सिस्टर लिहितात," बाईंनी चष्मा सारखा केला, "सगळं खाणं यांनीच घातलं, माझा काही संबंध नाही. शिवाय हे विसरभोळे आहेत आणि यांना मी आधीच सांगितलं होतं, असंही पुढे आहे."

उत्तर जुळलं होतं खरं. ते का जुळलं, हे घड्याळजींना पाच पायऱ्या उतरल्यावर नीट कळलं, आणि उरलेल्या पायऱ्या उतरताना त्यांना खूप एकटं वाटलं.

घरात आल्यावर सिस्टर उगाच ओटा पुसत बसल्या. मग पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही माझं नाव लिहिलंच असणार."

"हं."

"मग म्हटलं, आपण तरी कशाला मागे राहायचं?"

"हं."

"तुम्हाला ठाऊक होतं मी सकाळी टाकते ते?"

"स्वप्नात कळलं होतं."

"आणि तरी नाही लिहिलंत?"

"नाही."

"का पण?"

घड्याळजींनी विचार केला. "तू पलीकडच्या खोलीत होतीस," ते म्हणाले. "विचारायचं कुणाला?"

सिस्टरांनी फडकं खाली ठेवलं, पदरानं नाक पुसलं आणि त्या वर गेल्या. अर्ध्या तासानं खाली आल्या तेव्हा डोळे लाल होते.

"सगळं सांगून आले. माझं नाव घालून."

"बाई काय म्हणाल्या?"

"तुम्हाला नापास केलंय. सकाळी सात वाजता तुम्ही जिना चढलात, हे शेंबडं पोरसुद्धा मानणार नाही, म्हणाल्या. पेपर हातात घेतल्याबरोबर कळलं त्यांना."

"आणि तुला?"

"मला काठावर पास. दुसऱ्यांदा बसले म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी पडदे ओढले गेले, खोली निळी झाली. नवीन जोडपं होतं, लॉज चालवणारं. निवेदकानं त्यांना वेगवेगळ्या खोल्यांत नेऊन बसवलं, आणि नवऱ्यानं तोंड उघडायच्या आत सिस्टरांनी टीव्ही बंद केला.

"काय झालं?" घड्याळजींनी एक डोळा उघडला.

"नाही बघवत. मजा गेली त्यातली."

घड्याळजींनी डोळा मिटला, पाय लांब केले आणि उशी मानेखाली नीट सरकवली.

"बायको आधी फुटते असा एखादा भाग शोध," ते म्हणाले. "तो मी जागा राहून बघेन."