चपलांची राखण

मुक्ताबाईंच्या मोबाईलवर वर्षभर एका किल्ल्याचा फोटो होता. नोकरीला इटलीत गेलेल्या लेकीनं, अनुपमानं, तो पाठवला होता. डोंगरावर गाव आणि गावाच्या डोक्यावर किल्ला. "येवढं एकदा आतून बघायचंय," असं त्या सगळ्या राहू गावाला सांगत. आणि नवऱ्याबरोबर लेकीकडं इटलीला गेल्यावर एकदाचा तो दिवस उगवला.

अनुपमा खाली गाडी लावायला जागा शोधत राहिली, आईवडील पुढं चढले. किल्ल्याच्या दारातच सर्जेरावांनी बूट काढले.

"गडावर पायताण घालून जायचं नसतं."

"आवं, समदी घालूनच चाललीत की!"

"त्यांना कुणी शिकवलं न्हाई. काढ तू." मग नेहमीचा प्रश्न आला, चपला कोण राखणार? "मी बघून येतो, मंग तू जा. तवर बस हितं."

ही वाटणी लग्नापासूनची. मुक्ताबाई बसल्या.

सर्जेराव मोज्यांवरच आत गेले. तिकीटवाली काहीतरी म्हणाली, त्यांनी तिला हात जोडले. मग खुटबावच्या साडूला व्हिडिओ कॉल लावून त्याला दालनामागून दालन दाखवत फिरले. पलीकडून साडू "व्हय, व्हय" करत राहिला. ते बाहेर आले आणि मागं दार बंद झालं. दुपारची सुट्टी, आता चारनंतरच उघडेल, असं धापा टाकत आलेल्या अनुपमानं पाटी वाचून सांगितलं. परतीचं विमान संध्याकाळचं होतं.

"आई, तू आत गेलीच नाहीस?"

"चपला व्हत्या ना," मुक्ताबाई म्हणाल्या.

सर्जेरावांनी आजूबाजूला पाहिलं. चपला चोरायला त्या चौकात एक मांजर तेवढं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावरही त्यांना घास गोड लागेना. शेवटी एके दिवशी ते मुक्ताबाईंना घेऊन जवळच्या डोंगरावरच्या जुन्या देवळात गेले.

"तू जा आत. सावकाश बघ. आज चपला मी राखतो."

बूट न काढताच ते पायरीवर बसले. तेवढ्यात साडूचा फोन आला आणि किल्ल्याचा विषय निघाला. मुक्ताबाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या चपला गेल्या होत्या.

"तिथं तर एकबी गेली न्हवती!" सर्जेराव ओशाळून म्हणाले.

"तिथं मी बसले व्हते."

सर्जेरावांनी आपले बूट काढून त्यांच्यापुढं ठेवले आणि तापलेल्या पायऱ्या अनवाणी उतरू लागले. मागून बूट वाजवत मुक्ताबाई आल्या.

"आता सांगा तरी. त्या किल्ल्यात काय काय व्हतं?"

पाय भाजत होते, तरी सर्जेराव थांबले. त्यांनी खूप आठवून पाहिलं. डोळ्यांपुढं आला तो फक्त मोबाईलमधला साडूचा चेहरा.

"साडूला इचारून सांगतो," ते म्हणाले.