मन्मथअप्पांचा दांडीबहाद्दर गडी

आमच्या दिंद्रुडच्या बाजारगल्लीत घड्याळ कुणी बघत नाही, मन्मथअप्पांच्या किराणा दुकानातला भोंगा ऐकतात. सकाळी अप्पांच्याच आवाजात गर्जना होते, "दुकान उघडलं हो!" दुपारी, "उन्हात हिंडू नका, डोस्कं तापंल!" तिन्हीसांजेला, "दिवाबत्ती करा!" आणि रोज अकराच्या ठोक्याला, "गोळी घ्या, गोळी!" अप्पांची गोळी अशी सगळ्या गल्लीला पाठ. नवं गिऱ्हाईक तर दचकून हातातली पिशवीच सोडतं.

हे सगळं करतो गल्ल्याशेजारचा लॅपटॉप. आवाज अप्पांनी भरून ठेवलाय आणि कुठला कधी वाजवायचा, हे त्याच्या वेळापत्रकात मी लावून दिलंय. कॉम्प्युटर दुरुस्तीत या भागात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी उगीच सांगत नाही. पण अप्पांना त्याचं काय! त्यांच्या लेखी लॅपटॉप म्हणजे पगार न घेणारा गडी. काम वेळेवर झालं तर गडी त्यांचा, चुकलं तर माझा. लगेच फोन, "ये बाबा, तुज्या गड्यानं दांडी मारली. येळ म्हंजी येळ!"

एकदा अप्पा धारूरला लग्नाला गेले आणि दिवसभर भोंगा मुका. संध्याकाळी परत येऊन त्यांनी लॅपटॉप उघडला, तर थोड्या वेळानं "दुकान उघडलं", "उन्हात हिंडू नका", "गोळी घ्या", सगळं एकदमच सुरू झालं. गल्ली हसून हसून बेजार. बघतो तर काय, अप्पा जाताना लॉग आउट करून गेलेले! मालक आत असेल तरच गडी काम करतो. नसला तर चुकलेलं काम मागाहून उरकतो.

"लॉग आउट कावून केलं, अप्पा?"

"मी न्हाई तर गड्याच्या हाती दुकान देऊ व्हय? ते ऱ्हाऊ दे. अकराची गोळी दिवेलागणीला कावून?"

"तुमी तर लग्नात होता. खिशात न्हेली न्हवती का गोळी?"

अप्पा नुसते भिंतीकडे बघत बसले.

त्या भिंतीपलीकडे त्यांचे थोरले भाऊ, आण्णा. त्यांचंही दुकानच. वाटणी झाली, मधे भिंत आली आणि भावाभावांचं बोलणं बंद पडलं. अप्पांच्या भोंग्याचं तोंड रस्त्याकडे नाही, बरोबर त्या भिंतीवरच्या झरोक्याकडे. भावाला पिडायला लावलाय, असं गल्ली म्हणायची. मलाही तेच वाटायचं.

मग उन्हाळ्यात एके दिवशी अकरा वाजून गेले तरी भोंगा गप्प. अप्पांचा फोन आला तो कापऱ्या आवाजात. "सगळं सोड अन् पळत ये!"

गेलो तर अप्पा घामाघूम. लाईट गेलेली, भोंग्याची बॅटरी ठणठणीत, लॅपटॉपही चालू. माझ्या लगेच लक्षात आलं. वेळापत्रकात एक खूण आधीपासूनच असते, वीज असेल तरच काम सुरू करायचं. लाईट गेली की गड्याला सुट्टी!

"एवढ्यासाठी पळवलं व्हय?" मी वैतागलो. "आठवतंय ना? मग घ्या की गोळी!"

"मला कशाची गोळी? मला ना शुगर, ना बीपी!" अप्पांनी भिंतीकडे बोट केलं. "त्याची हाय. वहिनी द्यायची. ती गेली, अन् ह्यो इसरायला लागला. दुकानातच पडलता मागं एकदा. अंबाजोगाईच्या दवाखान्यात न्हेलं म्हणून वाचला."

मी मुकाट्यानं खूण काढायला बसलो, तेवढ्यात उंबऱ्यात सावली पडली. आण्णा! इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"कावून रे मन्मथ, भोंगा कावून गप हाय? बरा हायस न्हवं?"

अप्पा कसंबसं म्हणाले, "गोळी घेतली का?"

"तू वरडला न्हाईस, मग कशी घिऊ?"

त्या दिवशी काम चोख करून निघालो. दुसऱ्या दिवशी लाईट होती आणि अकराला भोंगा पुन्हा गप्प. माझं काम आणि दगा? तरातरा गेलो, वेळापत्रक उघडलं, तर गोळीचं काम कुणीतरी हातानं बंद केलेलं.

"हे कुणी केलं, अप्पा?"

"मी." अप्पा पाण्यानं भरलेला तांब्या घेऊन उठले. "गिऱ्हाईक बघ जरा."

"अन् गोळी?"

"येळ म्हंजी येळ," म्हणत ते पायरी उतरले. मी एका बाईंना साखर तोलून देत होतो, एवढ्यात भिंतीपलीकडून भोंग्याहून मोठा आवाज आला, "आण्णा, गोळी!"