नईमभाईंची पेटी

नईमभाई कुठलीही लोखंडी वस्तू विकत घेण्याआधी तिच्यावर बसून बघतात. कपाट असलं तर ते आडवं करायला लावतात आणि त्यावर बसतात. कूलर घ्यायला गेले तेव्हा त्यावरही बसले होते. दुकानदार ओरडतो, "चाचा, ती बसायची चीज नाही!" नईमभाई दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवून शांतपणे सांगतात, "जो मला सांभाळंना, तो माझा माल काय सांभाळणार?"

नईमभाईंना सांभाळणं हे काही सोपं काम नाही. देह भरभक्कम आहे, आणि बसताना ते स्वतःला अलगद टेकवत नाहीत, सोडून देतात.

या सवयीला कारण आहे. त्यांनी उभी हयात लग्नांचं व्हिडिओ शूटिंग केलं. मांडवात अक्षतांच्या वेळी सगळी माणसं उभी राहतात, मग मागच्या कॅमेऱ्याला नवरानवरी दिसत नाहीत, नुसते फेटे दिसतात. म्हणून नईमभाई आपली लोखंडी ट्रंक बरोबर न्यायचे आणि तिच्यावर उभं राहून शूटिंग करायचे. एका लग्नात ट्रंक विसरली, दुसऱ्याची उसनी घेतली, आणि ऐन 'शुभमंगल'ला ती चेपली. नईमभाई कॅमेऱ्यासकट नवरीच्या मामांच्या अंगावर गेले. मामांच्या हातातला आंतरपाटही सुटला. गुरुजी म्हणाले, मुहूर्त साधला. नईमभाई मात्र त्या दिवसापासून लोखंडावर भरवसा ठेवत नाहीत.

त्यांचा स्टुडिओ आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे, हडको वसाहतीत. मी तिसऱ्या मजल्यावर राहते आणि एका कॉलेजात सर्व्हर सांभाळण्याचं काम करते. 'ताई कॉम्प्युटरवाल्या आहेत' एवढं त्यांना कळलं आणि माझे रविवार संपले.

"ताई, एक पेटी पाहिजे," ते एका सकाळी जिन्यातच म्हणाले.

"कसली पेटी?"

त्यांनी मला आत नेलं. फडताळात स्टीलचे डबे होते. मी एक उघडला. तांदूळ. तांदळात हात घातला तर आत हार्ड डिस्क. दुसऱ्या डब्यातही तेच.

"ओल लागू नये म्हणून," नईमभाई म्हणाले. "तुमची भाभी म्हणते, या घरात बिर्याणीला तांदूळ नाही, डिस्कला बासमती."

"नईमभाई, लग्नाची फिल्म एका पेन ड्राइव्हमध्ये मावते. एवढ्या डिस्क कशाला? बाकीचे व्हिडिओवाले गिऱ्हाइकाला फिल्म दिली की पुसून टाकतात."

"सामान लई हाय," एवढंच बोलून त्यांनी झाकण लावलं.

मी त्यांना समजावलं. मोठ्या कंपन्या आपले जुने सर्व्हर विकून टाकतात. आतला मेंदू शिळा झालेला असतो, पण बाहेरची पेटी, डिस्क सरकवायचे खण, पंखे, हे घरच्या वापराला कितीतरी वर्षं पुरतं. अशी एक पेटी घ्यायची, सगळ्या डिस्क एकत्र बसवायच्या. आणि त्या अशा जोडायच्या की एखादी बंद पडली तरी तिच्यातलं सगळं बाकीच्यांकडून परत मिळवता येईल.

नईमभाई विचार करून म्हणाले, "म्हणजे एकत्र कुटुंब. पण भांडण नसलेलं."

त्या दिवसापासून आमचा 'बघण्याचा कार्यक्रम' सुरू झाला. हे त्यांचेच शब्द. पेटी बघायला जाताना ते इस्त्रीचा शर्ट घालत, अत्तर लावत, आणि पेटीला 'स्थळ' म्हणत.

पहिलं स्थळ शहागंजात निघालं, मोईनशेठच्या दुकानात. मोईनशेठ जुन्या कॉम्प्युटरचा माल घेतो आणि विकतो. त्यानं एक चपटी, लांबलचक पेटी काढली. नईमभाईंनी तिच्याकडं बघूनच नाक मुरडलं. "ही तर भाकरी आहे." तरी बसले. पेटीनं कण्हल्यासारखा आवाज केला आणि मधोमध खळगा पडला.

"अरे चाचा, ये क्या करे तुम!" मोईनशेठ धावत आला.

"कमजोर है मियां, आधीच सांगायचं ना."

मी म्हटलं, निदान चालू करून आवाज तरी ऐकू. मोईनशेठनं बटण दाबलं. चपट्या पेटीत पंखे लहान असतात, ते जिवाच्या आकांतानं फिरतात. दुकानातल्या पावत्या उडाल्या. शेजारचा बांगडीवाला डोकावून गेला. नईमभाई कानावर हात ठेवून ओरडले, "स्थळ बरं हाय, पण नवरी बडबडी!"

त्यानंतर किती स्थळं बघितली याची मोजदाद मी ठेवली नाही. एका पेटीला खण होते पण खणात बसवायचे ट्रेच नव्हते. नईमभाई म्हणाले, "दात नसलेली नको." एकीत पालीनं अंडी घातली होती. एक मला पसंत पडली तर नईमभाई बसले आणि उठून म्हणाले, "मजबूत हाय, पण दिल नाही लगता." मी सर्व्हरच्या बाबतीत हे कारण आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

मग कन्नड गावचं स्थळ आलं. तिथं एकजण सीसीटीव्हीचा धंदा बंद करत होता. आम्ही एसटीनं निघालो. फुलंब्रीला गाडी थांबली, आणि खिडकीखालून एक फेटेवाले आजोबा ओरडले, "ओ व्हिडिओवाले! ओळखलं का?"

"ओळखलं ना! तुमच्या धाकट्याच्या लग्नात तुम्ही जावयावर रुसून उसात जाऊन बसले होते."

"व्हय व्हय!" आजोबा खूश झाले. गाडीतली सगळी माणसं आमच्याकडं बघू लागली. त्या रस्त्यावर नईमभाईंना चेहऱ्यानं ओळखणारी माणसं गावोगाव आहेत, आणि नईमभाई त्यांना त्यांच्या रुसव्यांवरून ओळखतात.

कन्नडची पेटी खरंच देखणी होती. उंच, काळी, चोवीस खण, सगळे ट्रे जागेवर. नईमभाई बसले. पेटी हलली नाही. त्यांनी थोड्या उड्या मारून बघितल्या. तरी हलली नाही. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की मला पुढचं बोलणं जड गेलं. मी मागची पाटी तपासली होती. या पाटीवर सगळ्या डिस्क जोडल्या जातात. ती फार जुनी निघाली. आजकालच्या मोठ्या डिस्क तिला पूर्ण दिसत नाहीत.

"नाही चालणार," मी म्हटलं.

"अहो, पण बसलो ना मी!"

"तुम्ही बसलात, डिस्क बसणार नाहीत. तुमच्या मोठ्या डिस्कचा थोडाच भाग हिला दिसेल. बाकीचा वाया."

नईमभाईंनी पेटीवरून हात फिरवला. "ताई, मुलाकडची माणसं पण असा सरळ नकार देत नाहीत. दोन दिवसांनी कळवतो म्हणतात."

परतीच्या गाडीत ते माझ्या शेजारची जागा सोडून पुढच्या बाकावर जाऊन बसले. नंतरचे काही दिवस जिन्यात भेटले तरी नुसती मान हलवायचे. मीही वाकले नाही. सर्व्हरच्या बाबतीत माझं चुकत नाही, आणि हे मी कॉलेजच्या प्राचार्यांनाही तोंडावर सांगते.

शेवटी मोईनशेठचाच फोन आला. वाळूजच्या एका बंद झालेल्या ऑफिसातून माल आला होता. नईमभाई इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या दाराशी हजर. "चला ताई. तुम्ही हो म्हटलं तर हो, नाही तर नाही. माझं काही म्हणणं नाही." म्हणजे म्हणणं भरपूर होतं.

पेटी दणकट होती. एका कोपऱ्याला पोचा होता, पण सोळा खण, सोळा ट्रे, मोठे सावकाश फिरणारे पंखे. मी पाटीवरचा नंबर वाचला, मोबाइलवर शोधला, पुन्हा वाचला.

"हो," मी म्हटलं.

नईमभाई बसले. मग त्यांनी मोईनशेठलाही हाताला धरून शेजारी बसवलं. दोघांचं वजन घेऊन पेटी ढिम्म.

"पण चाचा, ये तो बिक गई," मोईनशेठ बसल्या बसल्या म्हणाला. "एका कॅमेऱ्याच्या कंपनीवाल्याला हौ बोललो. शाम को आरा वो."

नईमभाई उठले नाहीत. त्यांनी चहा मागवला. चहा आल्यावर अत्यंत प्रेमानं म्हणाले, "मोईन, तुझ्या निकाहला तू स्टेजवर झोपला होता. याद है? तोंड उघडं. सेहऱ्यावर माशी."

"चाचा, ते तुम्ही कॅसेटमधून काढून टाकलं होतं!"

"काढून टाकलं. फेकून नाही दिलं."

मोईनशेठनं मुकाट्यानं त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला फोन लावला.

रिक्षात पेटी मांडीवर मावेना, म्हणून नईमभाई पायांशी ठेवून दोन्ही हातांनी धरून बसले. घरी आल्यावर साजिदाभाभींनी ती बघितली आणि विचारलं, "यात तांदूळ ठेवायचे का आता?"

जुळवाजुळवीला वेळ लागला. मेंदू नवा घातला, डिस्क काही नव्या घेतल्या, आणि तांदळातल्या डिस्क एकेक करून जोडून त्यांतलं सगळं पेटीत ओतायला सुरुवात केली. तेव्हा मला कळलं की 'सामान लई हाय' म्हणजे काय. प्रत्येक लग्नाचे दोन भाग होते. एक, गिऱ्हाइकाला दिलेली फिल्म. आणि दुसरा तिच्या कितीतरी पट मोठा, 'कटिंग' नावाचा. गिऱ्हाइकांनी नको म्हटलेलं, कापलेलं सगळं. रुसलेले आजोबा. पंगतीत एकटीच जेवणारी कुणी आत्या. भांड्यांच्या ढिगाशेजारी नव्या कपड्यांत बसलेला आचारी.

"हे कुणी मागतं का कधी?" मी विचारलं.

नईमभाईंनी पुढचा डबा माझ्यासमोर सरकवला. सगळे डबे संपले तेव्हा ते टेबलापाशी गेले, खालच्या खणातून रुमालात बांधलेली एक डिस्क काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

"ही मयत आहे. मागच्या उन्हाळ्यात गेली. तरी हिला एक खण द्या."

"बंद डिस्कला खण कशाला?"

मग त्यांनी सांगितलं. फुलंब्रीकडच्या एका मुलीचं, उज्ज्वलाचं, लग्न त्यांनी शूट केलं होतं, पंधराएक वर्षांपूर्वी. मुलीचे वडील तिच्या लहानपणीच गेलेले. विधवा बाईनं मांडवात पुढं यायचं नाही, असं तिच्या काकांनी ठरवलेलं. कन्यादान काका-काकूंनी केलं. काकांनी नईमभाईंना बजावलं, आई कॅमेऱ्यात यायला नको. त्यामुळं लग्नाच्या फिल्ममध्ये आई कुठंच नव्हती. मागच्या उन्हाळ्यात आई गेल्यावर उज्ज्वला स्टुडिओत आली. लग्नातलं आईचं काही असलं तर द्या म्हणाली.

"होतं ताई. कुणी म्हटलं ना, याला घेऊ नका, की माझा कॅमेरा पहिला तिकडंच जातो. ती सवय नडली म्हणून किती कामं गेली माझी. होतं. डिस्क लावली तर लागंना. त्या पोरीला परत पाठवलं मी."

मी डिस्क हातात घेतली. ती वायरीनं बाहेरून जोडायची, प्लास्टिकच्या कव्हरातली होती. कव्हर उघडलं. आतला जोडणीचा छोटा तुकडा जळून काळा पडला होता. डिस्क काढून मी थेट जोडली. ती गुरगुरली, थांबली, पुन्हा फिरली. पडद्यावर नावं उमटायला लागली.

नईमभाई माझ्या खुर्चीची पाठ धरून उभे होते. खुर्ची हलत होती. "नईमभाई, हात काढा," मी म्हटलं, "मला क्लिक करता येईना." आधी मी सगळं पेटीत उतरवून घेतलं, मगच त्यांना फोन करू दिला.

उज्ज्वला दुसऱ्या दिवशी दुपारी आली, तिचा नवरा गाडी लावून मागून आला. नईमभाई उगीचच इकडची खुर्ची तिकडं करत होते. चहावाल्यावर ओरडले. मग मीच व्हिडिओ लावला.

मांडवाच्या मागच्या बाजूची कनात. दोन कापडांच्या फटीत एक बाई उभी, फिकट जरीचं लुगडं, मूठभर अक्षता. पुढून मंगलाष्टकं ऐकू येत होती. बाईचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते. प्रत्येक कडव्याला ती दोन-चार दाणे पुढं टाकत होती. ते तिच्यापासून हातभर अंतरावर मातीत पडत होते. मग तिची नजर कॅमेऱ्याकडं गेली. ती दचकली, पदर ओढला आणि मागं सरकायला लागली.

तेवढ्यात कॅमेऱ्यामागून आवाज आला. ओळखीचा, दबका. "आई, राहू द्या. उभ्या राहा. इकडं कुणी बघत नाही. टाका तुम्ही."

बाई थांबली. तिनं पदर सोडला आणि उरलेल्या सगळ्या अक्षता एकदम उधळल्या.

उज्ज्वला पडद्याच्या अगदी जवळ गेली होती. "मला वाटायचं," ती म्हणाली, "त्या वेळेला आई आत भांड्यांपाशी बसलेली होती."

नईमभाईंनी माऊसला हात घातला. "ते मधे माझं बोलणं आलंय. धंद्यात असं चालत नाही. दोन मिनिटं थांब बेटा, तेवढा आवाज कापून देतो."

"नका कापू," उज्ज्वला म्हणाली. "परत लावा."